मुगाबे नेमके बिघडले कधी?

झिम्बाब्वेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. शिकलेला माणूस, अकरा वर्षं तुरुंगात काढलेली, देश स्वतंत्र करणाऱ्यांमधला पहिला. मग हा बिघडला कधी? उत्तरंही ठरलेली आहेत. कुणी म्हणतं, पहिली बायको सॅली १९९२ साली गेली आणि घरात कान धरणारं कुणी उरलं नाही. कुणी सगळं खापर दुसऱ्या बायकोवर, ग्रेसवर फोडतं. कुणी २००० साल सांगतं, कारण तेव्हा गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर झुंडी चालून गेल्या. आणि कुणी नुसतं 'म्हातारचळ' म्हणून मोकळं होतं.

मला यातला 'बिघडले' हा शब्दच खटकतो. जणू अमुक तारखेपर्यंत दूध चांगलं होतं आणि मग नासलं. रॉबर्ट मुगाबे ३७ वर्षं सत्तेत होते, १९८० ते २०१७. त्या काळातला सगळ्यात रक्तरंजित अध्याय म्हातारपणातला नाही, तिसऱ्या वर्षातला आहे. तेव्हा जग त्यांना पदव्या देत होतं.

म्हणून तारीख शोधण्यापेक्षा मी दुसराच प्रश्न हाताशी ठेवतो: अमुक निर्णय घेतला, त्या आठवड्यात मुगाबेंना भीती कोणाची होती? हे विचारलं की वेडगळ वाटणारे निर्णय चांगलेच हिशेबी दिसायला लागतात. फक्त हिशेब खुर्चीचा असतो. देशाच्या वहीत तीच रक्कम खर्चाच्या बाजूला पडते.

पण आधी तो हीरो खरा होता, हे मान्य करून पुढे जाऊ.

झिम्बाब्वे म्हणजे पूर्वीचा ऱ्होडेशिया. ब्रिटिश उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० साली तिथे आपली माणसं घुसवली आणि पुढे चांगली जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवणारे कायदे आले. १९३० च्या जमीन-वाटप कायद्याने मूठभर गोऱ्यांच्या वाट्याला देशाची जवळपास निम्मी जमीन दिली. काळ्या माणसाला त्या पट्ट्यात जमीन विकत घ्यायचीही बंदी. १९६५ साली ब्रिटन बहुसंख्याकांना सत्ता द्या म्हणू लागला, तेव्हा इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनलाच झुगारून एकतर्फी 'स्वातंत्र्य' जाहीर केलं.

मुगाबे १९२४ साली कुटामा इथल्या जेसुइट मिशनजवळ जन्मले. वडील सुतार, घर सोडून गेलेले. मुलगा पुस्तकात डोकं घालून बसणारा, पुढे शिक्षक झालेला. राजकारणात आले ते थेट तुरुंगात. १९६३ अखेरीपासून १९७४ पर्यंत जवळपास अकरा वर्षं, त्यातली बहुतेक खटल्याशिवाय. तिथे पत्राने शिकून त्यांनी एकामागून एक पदव्या मिळवल्या. १९६६ साली त्यांचा तीन वर्षांचा मुलगा घानामध्ये मलेरियाने गेला. त्याच्या नावाचा शोना भाषेतला अर्थ 'देशाचं दुःख' असा होता. अंत्यविधीला जाऊ द्या म्हणून मुगाबेंनी परवानगी मागितली. स्मिथ सरकारने नाकारली.

पुष्कळ लिहिणारे इथेच थांबतात: बघा, इथे माणूस कठोर झाला. पटायला सोपं आहे. पण नेल्सन मंडेलांनी २७ वर्षं काढली, त्यांनाही मुलाच्या अंत्यविधीला जाऊ दिलं नव्हतं, आणि ते एका कारकिर्दीनंतर खुर्ची सोडून घरी गेले. तुरुंगाने जखम होते एवढं खरं, हुकूमशहा आपोआप तयार होत नाही.

सुटल्यावर मुगाबे सीमा ओलांडून मोझांबिकला गेले आणि तिथल्या छावण्यांमधून लढणाऱ्या झानू पक्षाचे नेते झाले. लढा देणारा दुसरा मोठा पक्ष झापू. त्याचे नेते जोशुआ एन्कोमो हे मुगाबेंपेक्षा ज्येष्ठ, खरं तर एके काळचे त्यांचेच नेते. झानूचा पाया मुख्यतः शोना लोकांत, झापूचा मुख्यतः पश्चिमेकडच्या माताबेलेलँडमधल्या एन्डेबेले लोकांत. दोघांच्या वेगळ्या फौजा. ही दुही लक्षात ठेवा.

१९७९ च्या डिसेंबरात लंडनमध्ये लढाई थांबवणारा करार झाला, १९८० च्या फेब्रुवारीत निवडणूक. काळ्या मतदारांच्या ८० जागांपैकी झानूला ५७, झापूला २०. १८ एप्रिलला झिम्बाब्वे जन्माला आला. मुगाबेंनी सूड नको, समेट हवा असं भाषण केलं आणि ते नुसतं भाषणापुरतं ठेवलं नाही. शेतीमंत्री म्हणून गोरा शेतकरी घेतला. ज्या गुप्तचर खात्याने त्यांना मारायचे बेत आखले होते, त्याच्या प्रमुखाला, केन फ्लॉवरला, खुर्चीवर राहू दिलं. इयन स्मिथ संसदेत विरोधी बाकावर बसून टीका करत राहिले, कुणी हात लावला नाही. शाळा आणि दवाखाने खेडोपाडी पोचले. साक्षरतेत हा देश आफ्रिकेत वरच्या रांगेत गेला. स्वातंत्र्याच्या वेळी झिम्बाब्वेचा डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा महाग होता.

हे सगळं खरं आहे. पण त्याच समेटाच्या नादात एका गोष्टीकडे जवळपास कुणी पाहिलं नाही. जुन्या राजवटीचं यंत्र जसंच्या तसं नव्या हातात आलं होतं. गुप्तचर खातं तेच. आणीबाणी तीच: स्मिथ सरकारने १९६५ साली लावलेली आणीबाणी नवं सरकार दर सहा महिन्यांनी संसदेकडून वाढवून घेत राहिलं, थेट १९९० पर्यंत. म्हणजे मुगाबेंना ज्या प्रकारच्या कायद्याने खटल्याशिवाय डांबलं होतं, तो कायदा आता त्यांच्या खिशात होता. किल्ल्यांचा जुडगा हातात आल्यावर कुलपं काढून टाकायची की किल्ल्या बदलायच्या, हा प्रश्न दोन वर्षांतच आला.

वळीव

१९८२ च्या फेब्रुवारीत झापूच्या मालमत्तांवर शस्त्रसाठे सापडले. एन्कोमो मंत्रिमंडळात होते, त्यांना काढलं. झापूचे लष्करप्रमुख लुकआऊट मासुकू आणि गुप्तहेर प्रमुख डुमिसो डाबेंग्वा यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. न्यायालयाने १९८३ साली त्यांना निर्दोष सोडलं. सोडलं म्हणजे निकाल लागला एवढंच. लगेच आणीबाणीच्या कायद्याखाली दोघांना पुन्हा आत टाकलं. मासुकू १९८६ मध्ये मरणाच्या दारात असताना सुटले आणि महिन्याभरात गेले.

भीती कोणाची होती? एन्कोमोंच्या पाठीशी असलेल्या पूर्वीच्या सैनिकांची, आणि काही प्रमाणात ती खरी होती. माताबेलेलँडमध्ये काहीशे बंडखोर बंदुका घेऊन फिरत होते, खून-लुटी करत होते, आणि दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषी राजवट त्या आगीत तेल ओतत होती. हे सगळं पोलीस आणि नेहमीच्या लष्कराला हाताळता आलं असतं. पण मुगाबेंनी बंडखोरांच्या आडून एक वेगळाच हिशेब चुकता करायला घेतला: झापू पक्ष ज्या समाजावर उभा होता, तो समाजच मोडायचा.

त्यासाठी एक स्वतंत्र फौज आधीच तयार होती. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये मुगाबेंनी उत्तर कोरियाशी करार केला होता. तिथून आलेल्या शंभरावर प्रशिक्षकांनी 'पाचवी ब्रिगेड' घडवली. लाल टोप्या, बाकी लष्करापेक्षा वेगळा गणवेश, वेगळी शस्त्रं. ती लष्कराच्या नेहमीच्या साखळीत नव्हती, थेट पंतप्रधानांच्या, म्हणजे मुगाबेंच्या हुकमतीखाली होती. तिचे कमांडर पेरान्स शिरी. हे नाव शेवटी पुन्हा येईल.

या मोहिमेचं नाव गुकुराहुंडी. शोना भाषेत याचा अर्थ हंगामाआधीचा पहिला पाऊस, जो मळणीनंतर उरलेला भुसा धुऊन नेतो. आपला वळीवच म्हणा. नाव ठेवणाऱ्याने भुसा कुणाला म्हटलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

१९८३ च्या जानेवारीत ब्रिगेड उत्तर माताबेलेलँडमध्ये उतरली आणि पहिल्या सहा आठवड्यांत दोन हजारांहून अधिक सामान्य माणसं मारली गेली. झिम्बाब्वेतल्या कॅथलिक न्याय व शांतता आयोगाने पुढे गावोगाव जाऊन साक्षी गोळा केल्या आणि १९९७ साली अहवाल काढला. त्यातलं एक दृश्य पुनःपुन्हा येतं. गावाला शाळेच्या मैदानात किंवा विहिरीपाशी गोळा करायचं. मार देत असताना झानूची स्तुती करणारी शोना गाणी म्हणायला लावायची. लोक एन्डेबेले बोलणारे, गाण्याचे शब्दही नीट येत नसलेले. मग काही जणांना वेगळं काढून गोळ्या घालायच्या, पुरायचं, आणि ताज्या कबरीवर त्याच गावकऱ्यांना नाचायला लावायचं. पुढच्या वर्षी दक्षिण माताबेलेलँडमध्ये दुष्काळात अन्नधान्य अडवलं गेलं. दुकानं बंद, मदतीच्या गाड्या बंद. या काळात एकूण किती माणसं मेली याचे अंदाज २०,००० पर्यंत जातात. सरकारनेही चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल कधीच बाहेर आला नाही.

१९८७ च्या डिसेंबरात थकलेल्या एन्कोमोंनी करारावर सही केली, झापू झानूत विलीन झाला, पंतप्रधानपद रद्द होऊन मुगाबे सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाले. खुर्चीच्या वहीत ही शंभर टक्के यशस्वी मोहीम होती. आणि माझ्या मते पुढच्या तीस वर्षांचा धडा मुगाबे इथेच शिकले, कारण बाहेरून कुणी दारावर साधी थापही मारली नाही. ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेच्या शेजारी एक समजूतदार नेता हवा होता. गोरे शेतकरी सुरक्षित होते. स्कॉटलंडच्या एडिंबरा विद्यापीठाने १९८४ साली, म्हणजे माताबेलेलँडमध्ये धान्य अडवलं जात होतं त्याच वर्षी, मुगाबेंना मानद पदवी दिली. १९९४ साली ब्रिटनच्या राणीकडून मानद सरदारकीही मिळाली. पदवी काढून घेतली २००७ मध्ये, सरदारकी २००८ मध्ये. तोवर गोऱ्यांची शेतं गेली होती. गुकुराहुंडीबद्दल मुगाबेंच्या तोंडून एन्कोमोंच्या मृत्यूनंतर एवढंच निघालं, की तो वेडेपणाचा काळ होता.

कर्ज कोणाचं कोणावर?

हे सगळं पचलं कसं, हे कळायला मुक्तिलढ्याच्या पक्षाची मनोधारणा समजून घ्यावी लागते. ती साधारण अशी: आम्ही रक्त सांडून देश मिळवला, तेव्हा देश आमचा देणेकरी आहे. निवडणूक ही लोकांनी आभार मानण्याची वेळ. जो दुसऱ्याला मत देतो तो कृतघ्न, आणि जो विरोधात उभा राहतो तो परक्यांचा हस्तक. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २००२ च्या जानेवारीत, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, लष्करप्रमुख व्हिटालिस झ्वीनावाशे यांनी इतर दलांच्या प्रमुखांना सोबत घेऊन जाहीर केलं की मुक्तिलढ्याची पुण्याई नसलेल्या माणसाला आम्ही मानणार नाही. मतदान व्हायचं होतं, पण निकाल सांगून झाला होता.

या मनोधारणेची गंमत अशी की ती दुधारी आहे. देश लढवय्यांचा देणेकरी असेल, तर लढवय्ये एक दिवस वसुलीला येणारच. ते १९९७ मध्ये आले.

माजी सैनिकांसाठी एक भरपाई निधी होता. तो बड्या धेंडांनी आधीच लुटून खाल्ला होता. ठणठणीत असलेल्या मंत्र्यासंत्र्यांच्या नावावर अपंगत्वाचे मोठाले टक्के लावले गेले होते. ते टक्के ठरवणाऱ्यांत माजी सैनिकांचेच नेते डॉक्टर चेंजेराई हुंझ्वी होते. त्यांनी लढ्यातलं टोपणनाव 'हिटलर' असं घेतलं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निधी आटला, खरे सैनिक रस्त्यावर आले, मुगाबेंच्या भाषणात ढोल बडवून त्यांना बोलू दिलं नाही.

भीती कोणाची? ज्यांच्या नावावर सगळी वैधता उभी होती, त्यांचीच. विरोधकाला देशद्रोही म्हणता येतं, माजी सैनिकाला काय म्हणणार? मुगाबेंनी सुमारे ५०,००० जणांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर रोख आणि महिन्याला २,००० पेन्शन कबूल केलं. अर्थसंकल्पात यासाठी एक छदामही नव्हता. १४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार: बाजाराने हे ओळखलं आणि झिम्बाब्वेचा डॉलर एका दिवसात दरीत कोसळला. तिथे अजून त्याला 'काळा शुक्रवार' म्हणतात. १९९८ च्या जानेवारीत राजधानी हरारेत भाववाढीवरून दंगली झाल्या आणि लष्कर रस्त्यावर आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुगाबेंनी काँगोच्या युद्धात हजारो सैनिक धाडले. खर्च देशाचा, तिथल्या हिऱ्यांच्या आणि लाकडाच्या धंद्यात शिरकाव झाला सेनापतींचा.

महागाई, दंगली, परक्या देशातलं युद्ध. एवढं झाल्यावर कामगार संघटनांमधून नवा पक्ष उभा राहिला, एमडीसी, १९९९ साली. नेते मॉर्गन स्वांगिराई, एके काळी खाणीत काम केलेला माणूस. आणि २००० च्या फेब्रुवारीत सरकारने आणलेल्या नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं तेव्हा सुमारे ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. मुगाबेंची ही पहिली हार. टीव्हीवर येऊन त्यांनी ती शांतपणे मान्य केली. दोनेक आठवड्यांत पहिली शेतं बळकावली गेली.

जमीन

इथे सावकाश जाऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

जमिनीचा प्रश्न खोटा नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ६,००० गोऱ्या शेतकऱ्यांकडे दीड कोटी हेक्टरहून अधिक जमीन होती, तीही चांगली. जवळपास सात लाख काळी कुटुंबं तेवढ्याच आकाराच्या पण रेताड, कोरड्या पट्ट्यांत दाटीने राहत होती. लंडनच्या कराराने दहा वर्षं हात बांधले होते: विकणारा राजी असेल तरच सरकारने जमीन घ्यायची. ही दहा वर्षं १९९० ला संपली. त्यानंतर आणखी दहा वर्षं मुगाबेंनी या प्रश्नाला फारसा हात लावला नाही. जी जमीन घेतली त्यातली बरीच मंत्री आणि अधिकाऱ्यांकडे गेली. ब्रिटननेही १९९७ मध्ये 'आमची काही खास जबाबदारी नाही' असं पत्र पाठवून आपल्या तोंडाला काळं फासून घेतलं. तर वीस वर्षं थांबलेली न्यायाची बैलगाडी २००० च्या मार्चमध्ये अचानक का सुटली?

कारण जूनमध्ये निवडणूक होती. गोऱ्या शेतांवर तीन लाखांहून अधिक मजूर राबत होते. कुटुंबं धरली तर दहा लाखांच्या पुढची वस्ती. हे लोक एमडीसीकडे झुकले होते आणि मालक उघड पैसे देत होते. शेत बळकावलं की एका दगडात तीन पक्षी: विरोधकांचा पैसा बंद, मजुरांची मतं पांगली, आणि माजी सैनिकांना वसुली मिळाली. मजुरांपैकी अनेकांचे आईबाप मलावी-मोझांबिकहून आलेले. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा कायदा असा कडक केला की त्यातल्या कित्येकांचं मतच गेलं. गोऱ्यांच्या हालांच्या बातम्या जगभर गेल्या. बेघर झालेल्या या काळ्या मजुरांच्या फारशा गेल्या नाहीत.

न्यायालयांनी हे कब्जे बेकायदा ठरवले. पोलीस म्हणाले, हा राजकीय प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयात माजी सैनिक घुसले, टेबलांवर नाचले. सरन्यायाधीश अँथनी गबे यांना 'तुमच्या सुरक्षेची हमी देता येत नाही' असं सांगण्यात आलं आणि २००१ मध्ये ते घरी गेले. जूनच्या निवडणुकीत एवढी मारझोड होऊनही १२० पैकी झानूला ६२ आणि एमडीसीला ५७ जागा मिळाल्या. पण संसदेत आणखी ३० जागा होत्या, ज्या थेट किंवा आडून राष्ट्राध्यक्षांच्या हातातल्या.

आता अर्थव्यवस्था कशी बुडाली ते पाहू. 'काळ्यांना शेती जमली नाही' हे उत्तर आळशी आहे आणि चुकीचंही.

एका तंबाखूच्या शेताची कल्पना करा. रोपवाटिका, खत, मजुरी, पानं सुकवायच्या भट्ट्यांसाठी कोळसा. सगळा खर्च आधी. पैसा दिसतो तो कित्येक महिन्यांनी, हरारेच्या लिलावात माल उभा राहिला की. मधला काळ बँकेचं कर्ज काढून भागवायचा. बँक कर्ज देते कारण तारण म्हणून जमिनीचा मालकी दस्त तिच्या कपाटात असतो. २००० नंतर जमीन सरकारच्या नावावर गेली आणि नव्या कब्जेदाराला मिळालं फक्त एक वाटपपत्र, जे मंत्र्याच्या एका सहीने रद्द होऊ शकतं. २००५ मध्ये घटना बदलून या जप्तीविरुद्ध कोर्टात जायची वाटही बंद केली. बँकेच्या दृष्टीने ते वाटपपत्र म्हणजे रद्दी. बँकेकडे गहाण पडलेले जुने दस्तही त्याच दिवशी रद्दी झाले. म्हणजे ज्याने जमीन घेतली त्याला कर्ज नाही, ज्याची गेली त्याच्याकडून वसुली नाही, आणि बँकेच्या पोटात खड्डा. खताचा कारखाना, ट्रॅक्टरचा दुकानदार, पिठाची गिरणी हे सगळे याच साखळीत. तंबाखूचं पीक २००० साली सुमारे २३.५ कोटी किलो होतं. २००८ मध्ये ते पाच कोटी किलोच्याही खाली आलं.

आणि याची दुसरी बाजू: पुढे खासगी कंपन्यांनी पिकाआधी खत-बियाणं देऊन करारावर तंबाखू घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कर्जाची तुटलेली कडी दुसऱ्या वाटेने जोडली. २०१८ मध्ये पीक २५ कोटी किलोच्या वर गेलं, जुना उच्चांक मोडून. पिकवणारे बहुसंख्य काळे छोटे शेतकरी. हात तेच होते, मधल्या काळात मोडला होता तो व्यवहार.

शून्यं

निर्यात आटली, कर आटला, देणी मात्र वाढली. सैनिक, पोलीस, पक्ष यांना पैसे हवेतच. डिसेंबर २००३ पासून मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर गिडियन गोनो होते. त्यांनी छापखाना चालू केला.

सुरुवातीला नोटाही धड नव्हत्या. 'धारक धनादेश' नावाचे कागद चलनात आले, ज्यांच्यावर मुदत संपायची तारीख छापलेली असे. औषधाच्या बाटलीवर असते तशी. शून्यं मावेनाशी झाली की कापायची: २००६ मध्ये तीन, २००८ मध्ये दहा, २००९ मध्ये बारा. जुलै २००८ मध्ये सरकारी आकड्याने वार्षिक महागाई २३ कोटी टक्के होती. त्यानंतर सरकारने आकडे देणंच बंद केलं. त्या नोव्हेंबरात दिवसाला भाव दुप्पट होत होते, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे.

जानेवारी २००९ ची ती प्रसिद्ध नोट जवळून पाहण्यासारखी आहे. एकावर चौदा शून्यं, म्हणजे शंभर लाख कोटी डॉलर. दर्शनी बाजूला एकमेकांवर तोलून उभे राहिलेले तिथले प्रसिद्ध खडक, मागे व्हिक्टोरिया धबधबा आणि रानरेडा. आणि गोनो यांची सही असलेलं वचन, की मागताक्षणी धारकास एवढी रक्कम अदा करू. निघाली तेव्हा तिला तीसेक अमेरिकी डॉलर आले असते. काही आठवड्यांत लोकांनी ते चलनच सोडून दिलं. आज संग्राहक तिच्यासाठी त्याहून जास्त मोजतात.

हे थांबवलं का नाही? मूर्खपणा हे उत्तर मला पुरत नाही, कारण काही लोक यात गबर होत होते. समजा, सरकारी दराने एका अमेरिकी डॉलरला १०० झिम्बाब्वे डॉलर, आणि रस्त्यावर १०,०००. तुमची ओळख असेल तर बँकेतून १०० देऊन एक अमेरिकी डॉलर घ्या, रस्त्यावर १०,००० ला विका, परत बँकेत जा, आता शंभर डॉलर मिळतात. मंत्री, सेनापती आणि त्यांचे मेव्हणे यांच्यासाठी ही चरायची कुरणं होती. दर मोकळा केला असता तर अर्थव्यवस्था सावरली असती आणि मुगाबेंना टिकवणारी माणसं दुरावली असती. २००७ च्या मध्यावर भाव निम्मे करा असा हुकूम निघाला. पोलिसांनी हजारो व्यापाऱ्यांना धरलं, लोकांनी दोन दिवस स्वस्तात खरेदी केली, आणि दुकानांच्या फळ्या मोकळ्या झाल्या त्या तशाच राहिल्या.

शहरं तर एव्हाना पूर्ण विरोधात गेली होती. त्यांच्यावर मे २००५ मध्ये बुलडोझर फिरला. मोहिमेचं नाव 'मुराम्बात्सविना', कचरा साफ करा अशा अर्थाचं. पुन्हा तोच भुसा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा पोट किंवा दोन्ही गेलं.

मुगाबे सगळ्याला 'निर्बंध' हे एकच कारण द्यायचे. पाश्चात्त्यांनी २००१-०२ नंतर निर्बंध लावले, परदेशी कर्जाची दारं बंद झाली, त्याचा फटका बसला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काळा शुक्रवार १९९७ चा आहे.

२९ मार्च २००८ ला लोकांनी पुन्हा मत दिलं. राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल पाच आठवडे दाबून ठेवला. शेवटी आकडे आले: स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२. निम्म्याच्या वर कुणी नाही, म्हणून फेरमतदान. मधल्या आठवड्यांत खेड्यांत जी मोहीम चालली तिला नाव पडलं, 'मत कुठे टाकलंत?'. मारणारे विचारायचे, अर्धी बाही हवी की पूर्ण? म्हणजे हात कोपरावर तोडू की मनगटावर. स्वांगिराईंनी मतदानाआधी पाच दिवस माघार घेतली आणि मुगाबे एकटेच धावून पहिले आले. त्या वर्षअखेरीस पाणी शुद्ध करायचं रसायन घ्यायलाही पैसे नव्हते. कॉलरा पसरला, चार हजारांहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्यानंतर ज्या देशाचे दवाखाने दाखवायला पाहुण्यांना नेत असत, तिथली ही गोष्ट.

२०१७ मध्ये त्यांच्या भीतीचा अंदाज पहिल्यांदा चुकला. वय ९३, ग्रेसला वारस करण्याची हालचाल. त्यात आड येतात म्हणून ६ नोव्हेंबरला त्यांनी उपाध्यक्ष एमर्सन म्नांगाग्वा यांना काढून टाकलं. म्नांगाग्वा म्हणजे १९८३ मधले सुरक्षामंत्री; किल्ल्यांचा जुडगा इतकी वर्षं प्रत्यक्षात सांभाळणारा माणूस. आठवडाभरात रणगाडे हरारेत आले. १९ तारखेला मुगाबे टीव्हीवर आले, देश राजीनाम्याची वाट पाहत होता, आणि ते राजीनाम्याचा शब्दही न काढता भाषण संपवून उठले. दोन दिवसांनी महाभियोग सुरू झाल्यावर राजीनामा आला. लोक रस्त्यावर नाचले, सैनिकांना मिठ्या मारल्या.

म्नांगाग्वा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी मंत्रिमंडळात शेती आणि जमीन खातं पेरान्स शिरी यांना दिलं, पाचव्या ब्रिगेडच्या कमांडरना.

हरारेच्या वेशीवर 'हीरोज एकर' नावाचं राष्ट्रीय स्मारक आहे, उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेलं. तिथे कोणाला पुरायचं, म्हणजे देशाचा हीरो कोण, हे झानू पक्षाचं पॉलिटब्युरो, म्हणजे बड्या नेत्यांचं मंडळ ठरवतं. मुगाबे सप्टेंबर २०१९ मध्ये सिंगापूरच्या रुग्णालयात ९५ व्या वर्षी गेले. सरकार त्यांच्यासाठी तिथे खास समाधी बांधणार होतं, पण घरच्यांनी नकार दिला आणि त्यांना कुटामातल्या घराच्या अंगणात पुरलं. शिरी जुलै २०२० मध्ये गेले. पॉलिटब्युरोने त्यांना राष्ट्रीय हीरो ठरवलं आणि ते हीरोज एकरमध्ये आहेत.